आखूड वीत, रुंद कॉर्ड

माझी वीत साडेअठरा सेंटीमीटरची आहे. पंजा टेबलावर सपाट ठेवून, अंगठा आणि करंगळी दुखणार नाहीत इतपत ताणून, फूटपट्टीवर मोजलेली. मी पुण्यात पियानो शिकवते. नवा विद्यार्थी आला की नाव-गाव आणि आधी काय शिकलात हे विचारून झाल्यावर लगेच त्याचीही वीत मोजते आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते. पालकांना नवल वाटतं. शाळेत उंची मोजतात, वजन मोजतात, पण वीत कुणी मोजत नाही. पियानो शिकायचा तर ती मोजायलाच हवी, कारण पियानोच्या पट्ट्या सगळ्यांना एकाच मापाच्या मिळतात आणि हात मात्र एका मापाचे नसतात.

हिशेब सोपा आहे. आजच्या पियानोची एक पांढरी पट्टी साधारण २३.५ मिलिमीटर रुंद असते. एका सापासून वरच्या सापर्यंत, म्हणजे पियानोवाले ज्याला ऑक्टेव्ह म्हणतात तेवढ्यात, सात पट्ट्यांचं अंतर पडतं: १६.५ सेंटीमीटर. आणखी एक पट्टी पुढे वरच्या रेपर्यंत गेलं की १८.८. त्याच्या शेजारचा वरचा ग गाठायचा तर २१ सेंटीमीटरच्याही पुढे जावं लागतं. हे झालं पट्टीच्या मध्यापासून मध्यापर्यंत. बोटं अगदी आतल्या कडांवर टेकवून भागवायचं म्हटलं, तरी सा आणि वरचा ग यांच्यामध्ये आठ पट्ट्या येतात आणि त्यांची रुंदी भरते १८.८ सेंटीमीटर. माझी वीत तिथे तीन मिलिमीटर कमी पडते. ही तूट रियाजाने भरून निघत नाही. रियाजाने बोटं मोकळी होतात, चपळ होतात, पण मोठ्या माणसाची हाडं लांब होत नाहीत.

सा ते वरचा ग या अंतराला टेंथ म्हणतात. पियानोच्या मोठ्या रचनांमध्ये, विशेषतः डाव्या हाताला, टेंथ सतत भेटते. इतक्या लांबचे सूर एकाच हाताला द्यायचे कशासाठी, असा प्रश्न मला बहुतेक विद्यार्थी विचारतात. त्याचं उत्तर मी तंबोऱ्यावर देते.

तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो, तारेच्या पोटातच असतो. कुठल्याही तारेच्या कंपनात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्येचे सूर, म्हणजे उपसूर, मिसळलेले असतात. दुप्पट म्हणजे वरचा सा, तिप्पट म्हणजे त्याच्यावरचा प, चौपट म्हणजे आणखी वरचा सा आणि पाचपट म्हणजे त्याच्यावरचा ग. यांतले दुप्पट, तिप्पट आणि पाचपट हे तीनच सूर वेगळे काढा: सा, त्याच सप्तकातला प आणि पुढच्या सप्तकातला ग. हीच टेंथची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचा सुरांचा गुच्छ. निसर्गाने सूर ज्या अंतराने मांडलेत, त्याच अंतराने ती मांडलेली आहे.

आता डाव्या हाताने पियानोच्या खालच्या भागात सा-ग-प शेजारीशेजारी वाजवून पाहा. आवाज गढूळ येतो. खर्जात जवळजवळ ठेवलेल्या सुरांचे उपसूर एकमेकांना घासतात आणि कानाला खरखर लागते. मधला ग उचलून पुढच्या सप्तकात ठेवला की तेच तीन सूर मोकळे होतात, भरदार वाजतात. शोपँ, शुमान, ब्राम्स या संगीतकारांनी डाव्या हाताला लांब लांब पसरलं ते या आवाजासाठी. म्हणून रुंद कॉर्ड समोर आली की पहिला प्रश्न हात पुरतो का हा नसावा. ही कॉर्ड कशासाठी पसरली आहे आणि यातला कुठला सूर ऐकू यायलाच हवा, हा असावा. आखूड विती घेऊन वाजवणाऱ्यांना मी जे काही सांगते ते सगळं या प्रश्नातून निघतं.

रशियन संगीतकार रखमानिनॉव्हच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोचं उदाहरण घेऊ. १९०१ साली मॉस्कोत तो संपूर्ण स्वरूपात प्रथम वाजला, तेव्हा पियानोवर स्वतः रखमानिनॉव्ह होता. सुरुवातीला ऑर्केस्ट्रा गप्प असतो. पियानो एकटा एकेक कॉर्ड वाजवतो आणि प्रत्येक कॉर्डनंतर अगदी तळाचा एफ. आरंभ अगदी हळू, मग प्रत्येक कॉर्ड आधीच्या कॉर्डपेक्षा मोठी, आणि शेवटी रशियन चर्चच्या घंटा घुमाव्यात तसा नाद उठतो. यात डाव्या हाताला एफपासून वरच्या ए-फ्लॅटपर्यंत जावं लागतं. एफला सा मानलं तर वरच्या सप्तकातला कोमल ग. रखमानिनॉव्हचा हात प्रसिद्ध होता. सापासून पुढच्या सप्तकातल्या पपर्यंत तो पोचायचा असं सांगतात. त्याला या कॉर्ड एका दमात वाजवता येत होत्या. जगातल्या मोठमोठ्या मैफलींत मात्र हा भाग ऐका: अनेक नामवंत वादक त्या कॉर्ड खालून वर उलगडून वाजवतात. तळाचा सूर क्षणभर आधी येतो, वरचे त्याच्यामागोमाग. घंटेच्या घुमण्याला त्याने काहीही बाध येत नाही. उलट मला तो नाद अधिक खोल वाटतो.

याच रखमानिनॉव्हने १९०९ मध्ये तिसरा कॉन्चेर्टो लिहिला आणि योझेफ हॉफमनला अर्पण केला. हॉफमन क्राकूवमध्ये जन्मलेला, त्या काळातल्या सर्वश्रेष्ठ पियानोवादकांपैकी एक. रखमानिनॉव्ह स्वतः त्याला फार मानत असे. पण हॉफमनने हा कॉन्चेर्टो मैफलीत कधीच वाजवला नाही. हॉफमनचे हात लहान होते. स्टाइनवे कंपनीने त्याच्यासाठी किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो खास बनवून दिले होते. ही गोष्ट मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. इतक्या उंचीच्या कलावंताला पट्टीचं माप बदलून घ्यायला संकोच वाटला नाही.

दुसरं नाव बार्सेलोनाच्या अलिसिया दे लारोचाचं. जन्म १९२३, मृत्यू २००९. उंची पाच फुटांच्याही खाली, हात छोटे. आल्बेनिझची ‘इबेरिया’ ही पियानोवरच्या अत्यंत अवघड रचनांपैकी एक गणली जाते, आणि ती ऐकायची असेल तर आजही जाणकार आधी तिचं नाव घेतात. रखमानिनॉव्हचा तोच तिसरा कॉन्चेर्टो तिने वाजवला, ध्वनिमुद्रितही केला. तिची चित्रफीत मिळाली तर आवाज बंद करून फक्त हात बघा. पंजा कॉर्डपुरता उघडतो आणि सूर वाजताक्षणी मिटतो. दोन कॉर्डच्या मधल्या निमिषातही तिचा हात विश्रांती घेतो. आखूड वीत असणाऱ्याने शिकण्यासारखी सगळ्यांत मोठी गोष्ट तीच आहे.

ती तशी का, हे समजून घेऊ. बोटं एकमेकांपासून लांब नेणारे छोटे स्नायू पंज्यातच असतात. पट्टी दाबणारे मोठे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटातून बोटांपर्यंत जातात. पंजा पुरा ताणलेला असताना छोटे स्नायू सतत ओढ धरून राहतात, मनगट कडक होतं, आणि त्याच वेळी मोठ्या स्नायूंनी बोट खाली दाबायचं असतं. एकाच बोटाला दोन दिशांनी ओढ बसते. एखादी कॉर्ड अशी वाजवली तर काही बिघडत नाही. पण ताणलेल्या पंज्याने पानामागून पान वाजवत राहिलं की आधी थकवा, मग अंगठ्याच्या बुडाशी किंवा मनगटाच्या बाहेरच्या बाजूला कळ, आणि पुढे कंडरांना सूज. बेथोव्हनच्या ‘पथेतीक’ सोनाटाच्या पहिल्या भागात डावा हात ओळीच्या ओळी ऑक्टेव्ह हलवत राहतो. लहान हातांची किती तरी मुलं तिथे दुखणं ओढवून घेतात. तिथे मोठा पसारा नाहीच, साधा ऑक्टेव्ह आहे. पण ज्याला ऑक्टेव्ह हीच शेवटची मर्यादा, त्याचा हात त्या ओळींत एकदाही मिटत नाही.

संगीतकार अलेक्झांडर स्क्रियाबिनचं उदाहरण यासाठी लक्षात ठेवावं. त्याचा हात ऑक्टेव्हच्या फारसा पुढे जात नसे. मॉस्कोच्या कॉन्झर्व्हेटरीत शिकताना, १८९१च्या सुमारास, त्याने लिस्टची ‘डॉन ज्युआन’वरची रचना आणि बालाकिरेव्हची ‘इस्लामेय’ यांचा अतोनात सराव करून उजवा हात दुखावून घेतला. त्या आजारपणात डावा हात घडवला आणि १८९४ मध्ये एकट्या डाव्या हातासाठी प्रेल्यूड आणि नॉक्टर्न लिहिलं. ते नॉक्टर्न मला अतिशय प्रिय आहे. एकच हात तळाचा सूर, मधली साथ आणि वरची धून अशा तिन्ही जागा राखतो, आणि त्यासाठी तो ताणलेला राहत नाही, सतत प्रवास करतो. हात जागा बदलतो तेवढ्यात सुटलेले सूर पेडल सांभाळतं.

हात घडवायचे आणि ताणायचे उपाय माणसांनी पूर्वीपासून केलेत. १८१४ मध्ये योहान लोगियरने हाताला साच्यात धरून ठेवणारी चौकट काढली. पुढे हेन्री हर्झने स्प्रिंगांना टांगलेल्या अंगठ्यांमध्ये बोटं अडकवायचं यंत्र विकलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत अनामिका मोकळी व्हावी म्हणून तिच्या कंडरांना जोडणारे दुवे शस्त्रक्रियेने कापण्यापर्यंत मजल गेली होती. आपल्याकडेही बोटांच्या बेचक्यांत बाटलीची बुचं अडकवून बसायला सांगणारे शिक्षक मी पाहिले आहेत. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला तसं सांगितलं गेलं होतं. तिच्या अंगठ्याचं मूळ कित्येक महिने दुखत होतं. अशा उपायांनी कुणाची वीत वाढल्याचं मला माहीत नाही. लहान मुलांचे हात वयाप्रमाणे वाढतात, तेवढंच. ती मुलगी मला विचारायची, “ताई, माझा हात वाढेल ना?” मी तिला सांगितलं, वाढेल तेवढा वाढेल, तोपर्यंत आपण कॉर्ड लहान करू.

कॉर्ड लहान करायची म्हणजे काय, ते जरा तपशिलात सांगते.

सगळ्यांत जुना आणि सुंदर उपाय म्हणजे कॉर्ड उलगडणं. सूर एकदम न वाजवता खालून वर झर्रकन एकामागून एक वाजवायचे. शोपँने हे स्वतः लिहून ठेवलं आहे. १८३३ साली छापलेल्या ओपस १० मधला अकरावा एट्यूड सुरुवातीपासून जवळजवळ शेवटपर्यंत दोन्ही हातांच्या उलगडलेल्या रुंद कॉर्डवर चालतो. उलगडताना मनगट कडेकडेने सरकलं पाहिजे. अंगठा तळाशी खिळवून करंगळी वर ताणायची नसते. तळाची पट्टी वाजली की ती सोडून हाताने पुढे निघायचं. सोडली की सूर बंद पडेल, ही भीती सगळ्यांना असते. ते काम पेडलचं. उजवं पेडल दाबलं की तारांवरचे डँपर उचललेले राहतात आणि सुटलेला सूर वाजत राहतो. इथे क्षण साधावा लागतो: पेडल तळाचा सूर वाजतानाच धरायला हवं. जरा उशीर झाला की तळ हरवतो आणि कॉर्ड अधांतरी राहते. आधीची कॉर्ड सुटायच्या आत धरलं तर दोन कॉर्ड एकमेकींत मिसळतात. माझ्याकडे बँकेतून निवृत्त झालेले एक काका येतात, त्यांच्याकडून मी हे वरच्या सुरांशिवाय करून घेतलं. फक्त डाव्या करंगळीचा तळाचा सूर आणि उजवा पाय. करंगळी, पाय, करंगळी, पाय. ते जमल्यावर वरचे सूर आपोआप जागेवर आले.

दुसरा उपाय, सूर वाटून घेणं. दोन ओळींपैकी खालची ओळ डाव्या हाताची आणि वरची उजव्याची, असा छपाईचा रिवाज आहे. वाजवणाऱ्यावर तो बंधनकारक नाही. डाव्या हाताचा सगळ्यांत वरचा सूर उजव्या अंगठ्याच्या आवाक्यात असेल तर उजव्याने घ्यावा. ऐकणाऱ्याला कुठल्या हाताने काय वाजवलं ते दिसत नाही. आणखी एक साधी युक्ती: दोन शेजारच्या पांढऱ्या पट्ट्या अंगठ्याच्या कडेने एकदम दाबता येतात. बाकीची चार बोटं तेवढी मोकळी राहतात.

तिसरा उपाय, सूर गाळणं. याला पुष्कळांचा जीव घाबरतो, पण त्याचे नियम स्वच्छ आहेत. तळाचा सूर गाळायचा नाही, कारण कॉर्ड त्याच्यावर उभी असते. सगळ्यांत वरचा गाळायचा नाही, कारण धून तिथे असते. मधल्या सुरांत एखादा दोनदा आला असेल तर त्यातला एक खुशाल सोडावा. ग मात्र सोडू नये, कारण कॉर्ड मेजर की मायनर हे तोच ठरवतो. त्याच्यापेक्षा प सोडलेला परवडतो. प तळाच्या सुराच्या उपसुरांत तसाही ऐकू येत असतो. सुगम संगीताच्या साथीला कीबोर्ड वाजवणाऱ्यांना हे रोजच्या कामाचं आहे. बेस गिटारवाला शेजारी उभा असेल तर तळाचा सा त्याच्याकडे असतो. डाव्या हाताने ग आणि कोमल नी एवढेच दोन सूर धरले तरी सेव्हन्थ कॉर्ड पुरी ऐकू येते, आणि हात एका सप्तकाच्या आतच राहतो.

हाताच्या ठेवणीतही थोडा फरक करावा लागतो. मोठ्या हाताला पट्ट्यांच्या आतल्या भागात, काळ्या पट्ट्यांच्या जवळ वाजवता येतं. लहान हाताने पांढऱ्या पट्ट्यांवरचे ऑक्टेव्ह बाहेरच्या काठाजवळ वाजवावेत, पंजा थोडा सपाट ठेवून. फार कमानदार पंजा केला की वीत आणखी आखडते. स्वतःच्या हातावर आत्ताच करून बघता येईल. काळ्या पट्टीवरच्या ऑक्टेव्हला चौथं बोट वापरा, असा सल्ला पुस्तकांत असतो. तो मोठ्या हातांसाठी आहे. आपण पाचवंच वापरावं. आणि वाजल्याबरोबर पंजा मिटावा. मी विद्यार्थ्याला कॉर्ड धरून ठेवायला सांगते आणि त्याच्या कोपराला खालून हलकेच धक्का देते. मनगट सैल डुललं तर ठीक. लाकडासारखं राहिलं तर त्या दिवशी ती ओळ तिथेच थांबते.

पेटी वाजवून पियानोकडे येणाऱ्यांना हे सगळं नवीन असतं. पेटीवर डावा हात भात्यावर जातो, त्यामुळे त्या हाताची बोटं सुरांना सरावलेलीच नसतात. त्यांना रुंद कॉर्ड लगेच देऊ नये. वर्षभर डाव्या हाताला एकेक सूर आणि पाचव्या सुरापर्यंतची जोडी पुरे.

परीक्षांची चिंता पालकांना असते. मुंबई-पुण्यातली बरीच मुलं लंडनच्या एबीआरएसएमच्या परीक्षा देतात. त्यांच्या पियानोच्या अभ्यासक्रमातच म्हटलं आहे की हाताला झेपतील अशा रचना निवडाव्यात, आणि क्वचित प्रसंगी फार लांबची कॉर्ड उलगडून किंवा एखादा सूर गाळून वाजवली तरी चालेल, मात्र संगीत म्हणून ती समाधानकारक ऐकू आली पाहिजे. ही सवलत अनेक शिक्षकांनाही ठाऊक नसते. अर्थ इतकाच की परीक्षकाच्या भीतीने कुणी पंजा ताणायची गरज नाही.

इथवर झाले हाताने करायचे उपाय. पण पट्टी इतकी रुंद असायलाच हवी का, हा प्रश्न मी सोडून देऊ शकत नाही. मोझार्टच्या काळातल्या व्हिएन्नाच्या पियानोंचा ऑक्टेव्ह १६ सेंटीमीटरच्या आसपास असे, आजच्याहून काही मिलिमीटर कमी. पट्टी हलकी होती आणि कमी खोल दबायची. पुढे मैफलींची दालनं मोठी झाली, पियानोत लोखंडी चौकट आली, तारांवरचा ताण वाढला, पट्ट्या जड झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला कारखान्यांनी १६.५ सेंटीमीटरचा ऑक्टेव्ह कायम केला. त्या काळी घराघरांत पियानो वाजवणाऱ्यांत बायका आणि मुली मोठ्या संख्येने होत्या. त्यांचे हात कुणी मोजले नाहीत.

ते पुढे मोजले गेले. ऑस्ट्रेलियात रोंडा बॉइल, रॉबिन बॉइल आणि एरिका बुकर यांनी ४७३ प्रौढ पियानोवादकांच्या विती मोजून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. पुरुषांची सरासरी वीत २२.६ सेंटीमीटर निघाली, बायकांची २०.१. अवघड रचना निर्धोक वाजवायला निदान २१.६ सेंटीमीटर वीत लागते असं धरलं, तर बायकांपैकी ८७ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के त्याच्या खाली राहतात. हे आकडे वाचले तेव्हा मला राग आला आणि हायसंही वाटलं. लहान हातांच्या म्हणून ज्यांना अपवाद समजलं जातं, त्याच पियानो वाजवणाऱ्या बायकांत बहुसंख्य आहेत.

यावर काम करणारी माणसं आहेत. कॅनडाचा पियानोवादक ख्रिस्तोफर डॉनिसन याने लहान हातांसाठी अरुंद पट्ट्यांचा आग्रह धरला, आणि पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलच्या डेव्हिड स्टाइनब्यूलरने त्या बनवायला घेतल्या. त्यांनी ठरवलेल्या मापांत एकाचा ऑक्टेव्ह ६ इंचांचा आहे, म्हणजे १५.२ सेंटीमीटर, आणि दुसऱ्याचा ५.५ इंचांचा, म्हणजे सुमारे १४. डॅलसच्या सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठात प्राध्यापक कॅरल लिओन यांनी अशा पट्ट्यांवर विद्यार्थी घडवले. मोठ्या ग्रँड पियानोतून नेहमीच्या पट्ट्यांचा संच बाहेर ओढून काढता येतो आणि त्याच जागी अरुंद संच बसवता येतो. तारा, लाकूड, आवाज सगळं तेच. पट्ट्यांची मागची टोकं पसरत जाऊन आपापल्या तारांपर्यंत पोचतात, म्हणून समोरून त्या अरुंद असल्या तरी चालतं.

अमेरिकेत भाचीकडे गेले असताना मला अशा १४ सेंटीमीटरच्या पट्ट्यांवर बसायला मिळालं. सुरुवातीला बोटं ठरलेल्या जागेच्या पुढे पडत होती. थोड्याच वेळात कानांनी हातांना सांभाळून घेतलं. मग मी डाव्या हाताने टेंथ वाजवली. तिथे एक पट्टी २ सेंटीमीटरची, त्यामुळे सापासून वरच्या गपर्यंत १८ सेंटीमीटर. माझी वीत पुरली. सा, प आणि वरचा ग एकाच वेळी, न उलगडता, न ताणता वाजले. आयुष्यभर जी कॉर्ड मी उलगडून वाजवली होती, ती सबंध ऐकताना डोळ्यांत पाणी आलं. उलगडलेली कॉर्डही सुंदर असते, हे मी वर लिहिलंय आणि ते मला मनापासून वाटतं. पण उलगडायची की नाही, हे वाजवणाऱ्याच्या मनाने ठरवावं. तिथे त्या दिवशी ते मी ठरवू शकत होते.

म्हणून शिक्षकांना विनंती आहे. रचना निवडण्याआधी विद्यार्थ्याची वीत मोजा. २० सेंटीमीटरच्या आत असेल तर रुंद कॉर्ड कुठे उलगडायची, कुठे वाटून घ्यायची आणि कुठला सूर गाळायचा, हे नोटेशनवर पेन्सिलने लिहून मगच ती त्याच्या हातात द्या. सराव झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीही मनगट किंवा अंगठा दुखत असेल तर ती रचना थांबवा आणि डॉक्टरांना हात दाखवा. आणि मुंबई, पुणे, पणजी इथे पाश्चात्त्य संगीत शिकवणाऱ्या संस्थांनी आपल्याकडच्या ग्रँड पियानोंपैकी निदान एकात अरुंद पट्ट्यांचा संच बसवावा. आपल्याकडे पियानो शिकणाऱ्या मुलींची संख्या पाहिली तर त्या एका पियानोसमोर रोज रांग लागेल.